चिकाची शंभर वर्षं

वासराला चीक मिळाला नाही तर ते दगावतं, हे गोठ्यात वावरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. प्रयोगाने ते दाखवून दिलं १९२२ साली, अमेरिकेत प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेतल्या थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी. चीक प्यायलेली वासरं जगली, न प्यायलेल्यांपैकी बहुतेक काही दिवसांतच गेली. कारण पुढे उलगडत गेलं. गाईच्या वारेतून रोगांशी लढणारी प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचत नाहीत. ती सगळी चिकात येतात, चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅमहून जास्त. वासराचं आतडं ती अख्खीच्या अख्खी रक्तात ओढून घेतं, पण ही वाट साधारण २४ तासांत बंद होते. माणसाच्या बाळाला मात्र ही शिदोरी जन्माआधीच वारेतून मिळालेली असते. मोठ्या माणसाने प्यालेल्या चिकातली प्रतिपिंडं अख्खी रक्तात जात नाहीत. त्यांचा जो काही उपयोग व्हायचा, तो आतड्यातच.

आपल्याकडे मोठ्यांनी चीक खाणं नवं नाहीच. चरकसंहितेत चीक पीयूष या नावाने आहे, पचायला जड आणि बळ देणारा म्हणून, जठराग्नी चांगला असणाऱ्यांसाठी. घरोघरी त्याचा खरवस होतो. पहिल्या दिवसाचा चीक दाट, पिवळसर. त्यात बेताचं दूध घालायचं, गूळ विरघळवायचा, वेलची-जायफळ घालून वाफेवर ठेवायचं. किती दूध घालायचं हे जाणती बाई आधी वाटीभर उकडून बघते, कारण दूध जास्त झालं तर वडी धरत नाही. ही वडी धरते ती चिकातल्या प्रथिनांमुळे, त्यात प्रतिपिंडंही आलीच. उष्णतेने ती गोठतात आणि त्यांचं मूळ काम संपतं. खरवस उत्तम अन्न आहे, मनापासून खावा. औषधाचं ओझं त्याच्यावर टाकू नये.

औषध म्हणून चिकाचा विचार १९५०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात विल्यम पीटरसन यांनी नेटाने मांडला. गाईला ठरावीक रोगजंतू टोचायचे आणि तिच्या दुधात, चिकात उतरलेली प्रतिपिंडं माणसाला द्यायची. कल्पना बराच काळ कडेला पडून राहिली. १९८८ साली कॅरल टॅकेट आणि सहकाऱ्यांनी तिची कसोटी घेतली. हगवण लावणारे ई. कोलाय जंतू स्वयंसेवकांना मुद्दाम पाजले. अशा लस टोचलेल्या गाईंची प्रतिपिंडं घेतलेल्या १० जणांपैकी कुणालाही जुलाब झाले नाहीत. न घेतलेल्या १० पैकी ९ जणांना झाले. माझ्या मते चिकाच्या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत स्वच्छ यश आहे. पण ते एका जंतूविरुद्ध, त्याच जंतूसाठी तयार केलेल्या गाईंचं. गोठ्यातल्या कुठल्याही गाईच्या चिकाला ते लावता येत नाही, आणि नेमकं तेच पुढे सर्रास झालं.

१९९७ साली फिनलंडमध्ये अँटी मेरो यांना चीक घेणाऱ्या धावपटूंच्या रक्तात आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारं द्रव्य वाढलेलं दिसलं. क्रीडाजगतात खळबळ उडाली. २००२ साली नेदरलँड्समध्ये कायपर्स यांनी रोज ६० ग्रॅम चीक चार आठवडे देऊन पाहिला. आयजीएफ-१ जागचं हललं नाही. त्याच वर्षी ॲडलेडमध्ये बकली यांच्या धावपटूंनी आठ आठवडे ६० ग्रॅम घेतलं. पहिल्या धावेत काही फरक पडला नाही, थोड्या विश्रांतीनंतरच्या दुसऱ्या धावेत ते थोडे सरस ठरले.

आतड्याची गोष्ट जास्त भरवशाची. ब्रिटनमध्ये रेमंड प्लेफर्ड यांनी २००१ साली दाखवलं, की इंडोमेथासिन या वेदनाशामकाने आतड्याचं अस्तर पाझरू लागतं आणि चीक घेतल्यास तो पाझर आटोक्यात राहतो. प्रयोग लहान होता, जेमतेम सात माणसांचा. दहा वर्षांनी त्यांच्याच गटाला जोरदार व्यायामाने वाढणाऱ्या पाझराबाबतही असंच आढळलं. तिथे मात्रा होती रोज २० ग्रॅम.

आता २०२३-२४ पासून समाजमाध्यमांवर चिकाच्या भुकटीची लाट आली आहे. केस, त्वचा, वजन, प्रतिकारशक्ती, सगळं एका चमच्यात. मला याचा खरोखर राग येतो, कारण त्यात चांगलं संशोधनही बदनाम होतं. अभ्यासांत २० ते ६० ग्रॅम दिलेले, आणि विकला जाणारा चमचा बऱ्याचदा एक-दोन ग्रॅमचा. इतक्या कमी मात्रेचे हे दावे कशाच्या आधारावर? शिवाय तो चीक कुणाच्या वाट्यातून आला? भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईकडे वासराचं पोट भरून चीक उरू शकतो. थोडं दूध देणाऱ्या खिल्लारकडे तेवढा उरत नाही.

घ्यायचाच असेल, तर डब्यावर आयजीजी, म्हणजे चिकातली मुख्य प्रतिपिंडं, किती आणि रोजची मात्रा किती ग्रॅम, हे आधी वाचावं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये. स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लांनी आणि धावपटूंनी तर जास्तच जपावं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने चिकावर बंदी घातलेली नाही, पण त्यातल्या आयजीएफ-१मुळे चाचणीवर परिणाम होऊ शकतो म्हणून तो घेऊ नका, असाच तिचा सल्ला आहे.