चमचाभर पाण्यातले हजार कोटी

कोपराच्या आतल्या घडीत एक लाल चट्टा, गुडघ्यामागे दुसरा. बाळ रात्रभर खाजवतं आणि सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. इसब, म्हणजेच एक्झिमा, घरात आला की मलमांच्या ट्यूब जमू लागतात. दुखणं कातडीचं, तेव्हा औषधही कातडीवरच लावायचं, हे कुणालाही पटेल. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या डॉक्टरांनी मात्र पोटाकडे पाहिलं, आणि तेही बाळ जन्मायच्या आधी!

ज्यांच्या जवळच्या नात्यात दमा, एक्झिमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी होती, अशा गर्भवती त्यांनी निवडल्या. बाळंतपणाच्या दोन-चार आठवडे आधीपासून काहींना रोज जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या, तर काहींना तशाच दिसणाऱ्या पण जिवाणू नसलेल्या. बाळ झाल्यावर सहा महिने हाच क्रम. अंगावर पाजणाऱ्या आईने कॅप्सूल घ्यायची, नाहीतर कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून बाळाला चमच्याने भरवायची. त्या चमचाभर पाण्यात किती जीव? १००० कोटी! पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त.

निकाल २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा नुसत्या कॅप्सूलवाल्या ६८ मुलांपैकी ३१ जणांना एक्झिमा होता, जिवाणूवाल्या ६४ पैकी १५ जणांना. प्रमाण जवळपास निम्म्यावर. आतड्यातला पाहुणा कोपराच्या घडीतली आग थोपवतो, ही कल्पनाच मला आजही थक्क करते.

पण विचार केला तर त्यात संगती आहे. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा तळ आतड्याच्या भिंतीत असतो. शत्रू कोण आणि निरुपद्रवी कोण, हे नवजात बाळाच्या पेशींना अजून शिकायचं असतं. आतड्यात वस्तीला येणारे जिवाणू त्या शिकवणीत भाग घेतात. काही पेशींचं तर कामच मुळी इतरांना आवरणं, आणि जिवाणूंच्या सहवासात त्या तयार होतात. तुर्कूच्या प्रयोगातला जिवाणू निरोगी माणसाच्याच आतड्यातून वेगळा केलेला. शेरवूड गोरबाक आणि बॅरी गोल्डिन या शोधकांच्या आडनावांवरून त्याला ‘जीजी’ म्हणतात.

मात्र जर्मनीत फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी हाच जिवाणू वापरून पाहिला, तेव्हा २००८ साली दोन्ही गटांत एक्झिमाचं प्रमाण सारखंच निघालं, साधारण २८ टक्के. आणि एकदा उठलेला एक्झिमा बरा करायचा म्हटलं, तर चित्र आणखी फिकं. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात ३९ चाचण्या तपासल्या गेल्या. प्रोबायोटिक, म्हणजे असे उपयुक्त जिवाणू, घेतल्याने खाज, झोपमोड यांत रुग्णाला जाणवेल असा फरक जवळजवळ पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. माझ्या मते खरं कुतूहल आहे ते जन्माच्या आगेमागे असलेल्या त्या थोड्या महिन्यांचं. उठलेल्या चट्ट्यावर उतारा म्हणून प्रोबायोटिकची पाकिटं विकणं मला पटत नाही.

घरचं दही अवश्य खा, पण विरजणातले जिवाणू वेगळे आणि ‘जीजी’ वेगळा. एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही. बाळाला इसब असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि त्वचा ओलसर ठेवणारं क्रीम सोडू नका. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवाणूंची पूड त्याच्या तोंडी मुळीच लावू नका. अशा बाळांमध्ये हेच जिवाणू रक्तात शिरले तर जिवावर बेतू शकतं.