दूरच्या संगणकावरची पॅकेट कशी टिपायची?

सर्व्हर दुसऱ्या गावात आहे आणि त्याच्या नेटवर्क कार्डावरून काय ये-जा करतंय ते आपल्या लॅपटॉपवर बघायचंय. अशा वेळी तिकडे आपलं कुणीतरी बसलेलं लागतं. ते काम आरपीकॅपडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा करते. इटलीतल्या तोरिनो पॉलिटेक्निकमधल्या, विंडोजवर पॅकेट टिपण्यासाठीच्या विनपीकॅप प्रकल्पातून ती आली आणि २०१८ साली लिबपीकॅप या पॅकेट टिपणाऱ्या लायब्ररीच्या १.९ आवृत्तीत तिचा समावेश झाला.

सेवा सुरू केली की ती सहसा २००२ या पोर्टवर वाट पाहते. आपल्या लॅपटॉपवर वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये तिकडचा पत्ता, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड भरला की तिकडची कार्डं यादीत दिसतात. आपण लावलेली चाळणी तिकडेच लागू होते, म्हणून हवी तेवढीच पॅकेट येतात.

खरी गंमत फायरवॉलपाशी. २००२ उघडलं, यादीही दिसली, पण पॅकेट मात्र एकही नाही! कारण टिपलेला माल वेगळ्या जोडणीने येतो आणि तिचा पोर्ट ऐन वेळी ठरतो. शिवाय आपण ज्या तारेवरची पॅकेट टिपतोय, हा मालही बहुधा तिच्यावरूनच जातो. तो पुन्हा टिपला जाऊ नये म्हणून स्वतःची वाहतूक वगळण्याचा पर्याय चालू ठेवावा.

टीएलएस, म्हणजे जोडणीचं कूटबद्धीकरण, नसेल तर पासवर्डसकट सगळं उघडं जातं. पासवर्डाविना प्रवेश देण्याचीही सोय आहे. ती वापरू नये. सेवेला परवानगी असलेल्या संगणकांचीच नावं द्या, व्हीपीएनमधून जोडा आणि काम संपलं की सेवा बंद करा.