खाडीपलीकडे पेशवाई

भाईंदरला जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी उभं राहिलं की समोर तिवरं, चिखल, खाडीचं पाणी आणि डाव्या हाताला पुलावरून धडधडत जाणारी विरार लोकल. दारात लटकणाऱ्याला पलीकडचं नायगाव गाठायला जेमतेम पाच मिनिटं. याच जागी कधीकाळी दोन राज्यांची सरहद्द होती, हे सांगितलं तर तो हसेल.

पण होती. गंमत म्हणजे त्याआधीची दोनशे वर्षं ती नव्हती. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढे खाडीचे दोन्ही काठ त्यांचेच झाले. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई. पुन्हा दोन्ही काठ एकाच धन्याचे. फाळणी झाली ती इंग्रजांमुळे. 1774 च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि खाडीच्या अलीकडची साष्टी बळकावली. सहा वर्षांनी जनरल गॉडर्डने वसईही घेतली. मात्र 1782 च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी कंपनीकडेच राहिली. म्हणजे भाईंदरचा काठ कंपनी सरकारचा, समोरचा पेशव्यांचा. 1817 मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून उत्तर कोकण लिहून घेतलं गेलं, तोवर हे असंच होतं.

सरहद्द म्हणून खाडी दिसायला सोयीची, सांभाळायला अवघड. डोंगर जागचा हलत नाही. खाडी भरतीला पसरते, ओहोटीला चिखल उघडा टाकते, गाळाने पात्र बदलते. मग हद्द काठावर की पाण्याच्या मधोमध? भारत-पाकिस्तान सीमा गृह खात्याच्या हिशेबाने 3,323 किलोमीटर. तिचा शेवटचा, 96 किलोमीटरचा तुकडा कच्छच्या सर क्रीकमध्ये याच प्रश्नावर अडकलाय. पाकिस्तान नकाशातली पूर्व काठावरची हिरवी रेघ दाखवतो, भारत मधल्या प्रवाहावर ठाम. आणि दोघेही पुरावा म्हणून हवाला देतात तो मुंबई सरकारच्या 1914 च्या ठरावाचा! सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. कच्छच्या रावांशी लागलेला वाद मुंबईच्या दफ्तरात मिटवला गेला. मिटला कसला, पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवला.

आपल्या खाडीची हद्द आता निरुपद्रवी झालीये. अलीकडे ठाणे जिल्हा, पलीकडे 2014 पासून पालघर. महापालिका दोन, पण 2020 पासून पोलीस आयुक्तालय एकच. मधल्या पाणजू बेटावर लोकं राहतात, रेल्वे त्यांच्या डोक्यावरून जाते. बेट मोडतं वसई तालुक्यात. पुलावर गाडी आली की अजूनही कुणीतरी हात जोडतं आणि निर्माल्याची पिशवी खिडकीतून भिरकावतं. ती कुठल्या जिल्ह्यात पडते, हे भरतीवर अवलंबून.