तोरणाखाली उभा बैल

श्रावणातल्या अमावास्येची संध्याकाळ. वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजाकडच्या एखाद्या गावाबाहेर आंब्याच्या पानांचे तोरण बांधले आहे आणि त्याखाली बैलजोड्या ओळीने उभ्या आहेत. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. डफडे वाजते आहे, झडत्या म्हणणारे एकमेकांवर आवाज चढवीत आहेत, मध्येच कुणीतरी फटाका लावतो. आणि बैल? ते उभेच आहेत. एखादा तर डोळे अर्धवट मिटून चक्क रवंथ करतो आहे!

पोळ्याला आपले लक्ष झडत्यांकडे असते, म्हणून ही गोष्ट किती नवलाची आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. बैल काय किंवा घोडा काय, दोघांच्याही रानटी पूर्वजांचा जीव वाचला तो पळाल्यामुळे. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचे दिसते; नेमके शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. कान तर आपल्यापेक्षा तीक्ष्ण. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गाईबैलांना सुमारे ३५,००० हर्ट्‌झपर्यंतचा येतो. म्हणजे जो गोंगाट आपल्याला ऐकू येतो त्याहून अधिक त्या बैलाच्या कानांवर आदळत असतो. तरी तो उभा!

त्यातून आपल्या जिल्ह्याचा बैल गवळाऊ जातीचा. पांढरा-राखी रंग, हलके अंग, लांबट तोंड आणि चाल अशी की बंडीला जुंपला की तो दुडक्याच घेणार. मराठ्यांच्या फौजेच्या झटपट हालचालींसाठी ही जात जोपासली गेली असे सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला शासनाने या जातीसाठी पैदास केंद्रही काढले. अशा चपळ जनावराला पळायला शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते थांबायला.

हे शिक्षण गोऱ्हा अडीच-तीन वर्षांचा झाला की सुरू होते. जाणता शेतकरी त्याला एकट्याला कधी जुंपत नाही. जोडीला एखादा मुरलेला म्हातारा बैल देतो. जनावर कळपातले. शेजारचा स्वस्थ असला की याचाही धीर टिकतो. आता गोऱ्हा कासऱ्याला ओढ देतो. शेतकरी उलट हिसका मारीत नाही, नुसता धरून राहतो. गोऱ्ह्याने ओढ सोडली, अर्धे पाऊल मागे घेतले, की त्याच क्षणी कासरा सैल. सगळी विद्या या ‘त्याच क्षणी’मध्ये आहे. थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून दाखवून दिले की ज्या कृतीनंतर सुटका होते ती कृती प्राणी पुन्हा करतो. आता विचार करा : गोऱ्हा उधळला म्हणून घाबरून आपण दोर सोडला, तर तो काय शिकला? उधळले की सुटका होते! पुष्कळ ‘वाईट खोडीचे’ बैल असेच घडविले जातात, आणि मग मार मात्र त्या बैलाला बसतो.

दुसरा धडा आवाजाचा. तो समजून घ्यायला बैल नको, पावसाळ्यातली एक गोगलगाय पुरेल. तिला लाकडी फळीवर ठेवा. ती शिंगे बाहेर काढून चालू लागली की फळीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. शिंगे आत! ती पुन्हा बाहेर आली की पुन्हा तशीच टिचकी. काही वेळाने शिंगे थोडीशीच आत जातात आणि शेवटी ती टिचकीची दखलच घेईनाशी होते. ज्या खुणेमागून काहीच वाईट घडत नाही तिच्याकडे मज्जासंस्था दुर्लक्ष करायला शिकते. शास्त्रज्ञ याला ‘हॅबिच्युएशन’ म्हणतात. आपण म्हणू, सराव होणे. पण टिचकीऐवजी एकदम जोराचा ठोसा मारला तर उलटे होईल; नंतरच्या हलक्या टिचकीनेही ती दचकेल. म्हणून घुंगरांची माळ आधी गोठ्यात दुरून वाजवावी, मग जवळ, मग गळ्यात. पोळ्याच्या दिवशीच पहिल्यांदा झूल आणि बाशिंग चढवून गोऱ्ह्याला गर्दीत नेणारा माणूस त्याच्यावर आणि मुलांवर दोघांवरही अन्याय करतो, असे मला वाटते.

घोडा नालबंदापुढे तीन पायांवर उभा राहतो आणि बैलाला मात्र नाल ठोकताना दोर लावून आडवा पाडावा लागतो. यावरून घोडा शहाणा ठरत नाही. घोड्याचा पाय लहानपणापासून रोज कुणीतरी हातात घेतलेला असतो. बैलाचा पाय एरवी धरतो कोण?

घोड्यावरून आठवले. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवी. उत्तर पाच असेल तर पाच वेळा खूर आपटी. फुंग्स्ट या संशोधकाने तपासले, तेव्हा गणित हान्सला मुळीच येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले आणि हान्स ते टिपून थांबे! मानेची एवढीशी हालचाल ज्याला दिसते, त्याला कासरा धरणाऱ्या हाताचे थरथरणे कळणार नाही का?

एक मात्र नीट ओळखायला हवे. उभे राहणे दोन तऱ्हेचे असते. भीतीने गोठलेला बैलही हलत नाही. पण त्याचे कान ताठ असतात, डोळ्यातला पांढरा भाग मोठा दिसतो, अंग आवळलेले असते. नॉर्वेमधील संशोधकांना गाईंमध्ये असेच आढळले : गाय अस्वस्थ झाली की बुबुळाभोवतीचा पांढरा भाग अधिक दिसू लागतो. अशा बैलाजवळ जाऊ नका. तो केव्हा उसळेल याचा नेम नाही. निवांत बैलाचे कान लोंबतात, मान खाली येते, तोंड हलत असते. त्याच्याकडे जातानाही मागून न जाता खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. मानेखालची पोळी खाजवलीत तर तो मान लांब करून देईल. गाई एकमेकींना चाटतात त्या जागांपैकी ही एक.

दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात यातले काही लागत नाही. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठा नावाजलेला, पण तिथले बैल लाकडी आणि चाकांवरचे. सोडून दिला तरी जागचा हलत नाही.

आता तोरणाकडे पाहा. तोरण तुटले, ‘पोळा फुटला’ असा एकच गलका झाला. कालपरवा जू पाहिलेला तो गोऱ्हा कान टवकारतो, एक खूर उचलतो आणि तसाच थांबतो. शेजारच्या म्हाताऱ्या बैलाने अजून पाऊल टाकलेले नाही.