मिसळणाच्या डब्याशेजारचा रणगाडा

आमच्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी, सध्या एक रणगाडा उभा आहे. खरंच सांगते! चार इंच लांब, प्लॅस्टिकचा, थोडासा डावीकडे कललेला. आल्यागेल्याला वाटतं, मुलाचा असेल. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. रणगाडा माझा आहे.

झालं असं, की मे महिन्यात माळा आवरताना एक खोका सापडला. लेक दहावी झाला तेव्हा त्याच्या मामानं दिलेला, उघडलासुद्धा नव्हता. मी फोन केला, "काय करू रे याचं?" तर म्हणतो, "देऊन टाक कुणालातरी. बारीक काम असतं आई, तुला नाही जमायचं." बस्स! खोक्यावर छापलं होतं, चौदा वर्षांपुढील मुलांसाठी. मी शेहेचाळीस वर्षांची. लालबागला आमच्या मंडळाचा शिवणवर्ग चालवते. गिरगावात वाढले, चाळीच्या चौकात दिवाळीचे किल्ले मातीत हात घालून केलेत. मला जमणार नाही म्हणजे काय?

खोक्यावरचं चित्र होतं सेंच्युरियन रणगाड्याचं. नाव ओळखीचं वाटलं. मुलगा लहान असताना आम्ही अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय बघायला गेलो होतो. 1994 साली सुरू झालेलं. पोरं रणगाड्यांमधून पळत होती आणि मी सावली शोधत होते! पण तारापोर यांची गोष्ट तेवढी लक्षात राहिली. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जन्म आपल्या मुंबईतला, 1923 चा, शाळा पुण्यात. 1965 च्या युद्धात 'पूना हॉर्स' या रेजिमेंटचे प्रमुख होते ते, आणि त्यांचे रणगाडे हेच, सेंच्युरियन. 11 सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत जखमी झाले, पण मागे जायला तयार झाले नाहीत. 16 तारखेला त्यांचा रणगाडा पेटला आणि ते गेले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे आठवलं आणि मग तो खोका कुणाला देऊन टाकवेना.

आता कामाचं ऐका. आत चौकटी असतात प्लॅस्टिकच्या, झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे त्यांना सुटे भाग लटकलेले. प्रमाण 1:72. हे काय असतं? आपल्या टेपवर 72 इंच म्हणजे सहा फूट. म्हणजे खऱ्यातले सहा फूट इथे एका इंचात बसवायचे. पुरुषभर उंचीचा सैनिक एवढाच, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. खऱ्या सेंच्युरियनमध्ये चार माणसं बसायची, वजन पन्नास टनांच्या वर. माझ्याकडचा फुंकर मारली तर हलत होता.

पहिल्या दिवशी सगळे भाग हातानं पिळून तोडले. भेंडी मोडावी तसे! निम्म्यांच्या कडेला कोंब राहिले, दोन भाग अर्धे झाले. नंतर कळलं, नेलकटरनं हळूच कापायचे आणि पॉलिश पेपरनं घासायचे. पॉलिश पेपर आणि शून्य नंबरचा ब्रश दादरला रानडे रोडवरून आणला. दुकानदारानं विचारलं, "मुलाचा प्रोजेक्ट का?" मी हो म्हटलं. उगीच लाज वाटली.

मग चिकटवणं. यातला सोल्युशन आपल्या फेव्हिकॉलसारखा नसतो. तो प्लॅस्टिकच विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून अगदी थेंबभर लावायचा. मी पोळीला तूप लावावं तसा लावला. वरच्या घुमटावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय, सही केल्यासारखा. एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक दोन चकत्यांचं. त्यातली एक चकती चिमट्यातून उडाली ती कुकरच्या मागे की कुठे गेली, आजतागायत मिळाली नाही. अहो बॅटरी घेऊन शोधत होते. शेवटी शर्टाचं बटण बसवलं आतल्या बाजूला. माप तंतोतंत!

रंग तर विचारूच नका. घट्ट ऑइलपेंट फासला, चाकांच्या फटी बुजल्या. रडूच आलं. आमच्याकडे परळला गणपतीचे कारखाने आहेत, मे महिन्यात कामं सुरू झालेली असतात. एका ओळखीच्या रंगाऱ्याकडे डबी घेऊन गेले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, एका हातात झाकायला जाऊ नका. पातळ करा, एक हात द्या, वाळू द्या, मग दुसरा." सगळा रंग खरवडून पुन्हा सुरुवात केली. तीन दिवस गेले.

त्या तीन दिवसांतच मला ती आठवायला लागली.

जानेवारीत वर्गात एक नवी सून आली होती, गावाकडची. काज करताना तिचा दोरा सारखा गुंतायचा. एका दुपारी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, हे तर चौथीतली पोरसुद्धा करेल!" बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी म्हटलं, चिकाटीच नाही आजकालच्या मुलींना. कुणी कशाला जावं बोलवायला? आता वाटत होतं, त्या रंगाऱ्यानं मला असं म्हटलं असतं तर मी पुन्हा त्या दारात गेले असते का?

शेवटचं राहिलं होते पट्टे. चाकांवरून फिरणारे, रबरासारखे मऊ. ते या सोल्युशननं चिकटत नाहीत. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं टोकं जोडायला गेले, तर एक टोक वितळलं. बारीक दोऱ्यानं शिवणं हाच एक मार्ग उरला. माझा चष्मा, माझे हात... चारदा सुई निसटली.

रणगाडा डब्यात घालून तिच्या खोलीवर गेले. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. ती ओट्यापाशी उभी होती, या म्हणाली, पण पुढे काही बोलेना. मी तिथेच सांगितलं, "त्या दिवशी मी चुकले. तसं बोलायला नको होतं." ती पदराचं टोक गुंडाळत राहिली. सासूबाई आमच्या तोंडाकडे बघत होत्या. मग मी डबा उघडला.

तिनं रणगाडा उचलला, उलटा केला, बटणापाशी थांबली. "ताई, हे शर्टाचं ना?"

"हो गं. एक चकती हरवली."

ती हसली. सुई मागितली. टोकावर टोक धरून चार टाके घातले, आतून गाठ मारली. काजाचेच टाके होते ते, एकसारखे. मी विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, "घरीच बसून. जुन्या चादरीवर."

"सोमवारी येशील?"

"सासूबाईंना विचारते," ती म्हणाली, आणि रणगाडा डब्यात ठेवताना बोटानं पट्टा फिरवून बघितला. फिरत नव्हता. मी चाकंही चिकटवून टाकली होती.