तरंगत्या पाणवनस्पती तळ्यात कधी सोडायच्या?

बागेत किंवा गच्चीवर छोटं तळं केलं की पहिला प्रश्न हाच येतो. नर्सरीत विचारलं तर उत्तर मिळतं, "कधीही टाका, वाढतंय ते." इंटरनेटवर शोधलं तर युरोप-अमेरिकेतले बागकाम करणारे सांगतात की कडाक्याची थंडी संपली, दव गोठायचं थांबलं, की एप्रिल-मेमध्ये सोडा. पहिलं उत्तर फार ढोबळ आहे. दुसरं तिथे बरोबर आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात ते पाळलंत तर आठवड्याभरात तळ्यात तपकिरी लगदा दिसेल.

हा विषय इथे घेण्याचं कारण फक्त बागकाम नाही. तुमच्यापैकी बरेच जण एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी डकवीड, अझोला किंवा पिस्टिया घेणार आहात. सांडपाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट किंवा जड धातू या वनस्पती किती शोषतात, हा तर दरवर्षीचा आवडता विषय. तिथे "कधी सोडली" हे तुमच्या निष्कर्षाला धक्का देऊ शकतं. म्हणून तळ्याच्या निमित्ताने हा प्रश्न नीट सोडवून बघू.

तरंगती म्हणजे नेमकी कोणती?

कमळ आणि कुमुदिनी यांची पानं पाण्यावर दिसतात, पण मुळं चिखलात असतात. त्यांना या हिशोबात धरू नका. आपण बोलतोय ती मोकळी तरंगणारी मंडळी: पिस्टिया (नर्सरीत वॉटर लेट्यूस किंवा वॉटर कॅबेज म्हणतात), अझोला, डकवीड, साल्विनिया आणि आपली कुप्रसिद्ध जलपर्णी.

यांची मुळं पाण्यात लोंबतात. अन्नद्रव्यं पाण्यातून घेतात, कार्बन डायऑक्साइड हवेतून. जमिनीतल्या झाडाला माती सांभाळून घेते. वर ऊन तापलं तरी फूटभर खाली गारवा असतो, खत थोडं थोडं सुटत राहतं. तरंगत्या वनस्पतीला हा आधार नाही. आज पाणी जसं आहे, तसा तिचा आजचा दिवस. त्यामुळे "कोणता महिना?" यापेक्षा "पाणी कसं आहे?" हा प्रश्न जास्त कामाचा.

तीन अटी, आणि त्यातली सगळ्यात अडलेली

वाढीला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: योग्य तापमान, पुरेसा प्रकाश आणि विरघळलेली अन्नद्रव्यं. लीबिगचा नियम तुम्ही शिकला असाल. जी गोष्ट गरजेच्या मानाने सगळ्यात कमी, ती वाढ ठरवते. बाकी दोन कितीही वाढवा, फरक पडत नाही.

पिस्टियाला साधारण २२ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. १५ च्या खाली ती जवळपास थांबते, ३५ च्या वर तिला त्रास होतो. अझोला वीस ते तीसच्या पट्ट्यात खूश असते. कडक ऊन किंवा थंडीचा ताण आला की ती लालसर होते, हे डोळ्यांनी दिसतं. तिच्या पानांत नायट्रोजन स्थिर करणारे सायनोबॅक्टेरिया राहतात, म्हणून तिला नायट्रोजनची फारशी चिंता नाही. पण फॉस्फरस कमी पडला की तीही अडते. म्हणजे एकाच तळ्यात, एकाच दिवशी पिस्टिया नायट्रोजनसाठी अडलेली असू शकते आणि अझोला फॉस्फरससाठी.

आपल्या वर्षात हे बसवू

आता या अटी महाराष्ट्राच्या पठारी भागाच्या वर्षावर ठेवून बघा.

डिसेंबर-जानेवारीत प्रकाश चांगला असतो, पण पुणे-नाशिककडच्या रात्री पाणी गार करतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याच्या बातम्या याच दिवसांतल्या. पठारावर रोप मरत नाही, नुसतं बसून राहतं. इथे अडतंय तापमान.

फेब्रुवारी ते मार्चचा मध्य ही पहिली चांगली खिडकी. पाणी विशीच्या वर येतं, ऊन भाजत नाही. आणखी एक फायदा आहे. ऊन वाढलं की तळ्याचं पाणी शेवाळाने हिरवं व्हायला लागतं. त्याआधी तरंगत्या वनस्पतींनी थोडा पृष्ठभाग धरला, तर शेवाळाला प्रकाश आणि अन्न दोन्ही कमी मिळतं.

एप्रिल-मेमध्ये खोल तळं तग धरतं, पण सिमेंटची उथळ टाकी किंवा काळा प्लास्टिकचा टब दुपारी पस्तिशीच्या पुढे जातो. विदर्भ-मराठवाड्यात तर सावलीची जाळी नसेल तर सोडूच नका.

जून ते ऑगस्ट लोकांना पावसाळा म्हणून आदर्श वाटतो. पण ढगांमुळे प्रकाश कमी, पावसाने पाणी पातळ, आणि जोरदार सरी रोपं उलटीपालटी करतात. कोकण-गोव्यात तर तळं भरून वाहतं आणि रोपं पाण्याबरोबर बाहेर जातात. ती कुठे जातात, त्याकडे शेवटी येतो.

सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर ही दुसरी खिडकी, आणि बहुतेक ठिकाणी पहिलीपेक्षाही बरी. ऊन परत आलेलं असतं, पाणी कोमट असतं, आणि कडक थंडीपर्यंत दोन-अडीच महिने हातात असतात.

साधा नियम हवा असेल तर असा: सलग आठवडाभर सकाळी सातला पाण्याचं तापमान १८-२० च्या वर आणि दुपारी तीनला ३२-३३ च्या खाली असेल, आणि मुसळधार पावसाचे दिवस नसतील, तर सोडा. दोन वेळा थर्मामीटर बुडवणं एवढंच काम आहे. रोपं नर्सरीच्या सावलीतून आणली असतील तर संध्याकाळी सोडा आणि पहिले चार-पाच दिवस अर्धी सावली द्या. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरा.

दुप्पट होण्याचा हिशोब

"कधी"च्या जोडीला "किती" येतंच. समजा, पिस्टियाने तळ्याचा सोळावा भाग व्यापलाय आणि ती दर १० दिवसांनी दुप्पट होते. १० दिवसांनी आठवा भाग, २० ने पाव, ३० ने अर्धं तळं. आणि ४० व्या दिवशी? पूर्ण. महिनाभर "अजून बरीच जागा आहे" वाटतं आणि पुढच्या दहा दिवसांत तळं बंद होतं. पूर्ण झाकलेल्या पाण्यात ऑक्सिजन घटतो, मासे गुदमरतात. म्हणून अर्धं झाकलं की उपसायला लागा.

याचं सूत्र तुम्हाला प्रोजेक्टमध्ये लागणारच आहे. शेवटच्या वजनाचा नैसर्गिक लॉग वजा सुरुवातीच्या वजनाचा नैसर्गिक लॉग, भागिले दिवस, म्हणजे सापेक्ष वाढदर. ०.६९३ ला या दराने भागलं की दुप्पट होण्याचा काळ. डकवीडची २० पानं ६ दिवसांत ८० झाली, तर दर दिवसाला सुमारे ०.२३ आणि दुप्पट काळ ३ दिवस. भारतीय उपखंडात सापडणारी वोल्फिया मायक्रोस्कोपिका प्रयोगशाळेत सुमारे तीस तासांत दुप्पट झाल्याची नोंद आहे.

पण हे सूत्र मोकळी जागा असेपर्यंतच खरं बोलतं. भांडं भरत आलं की वाढ मंदावते आणि तुम्हाला वाटतं, प्रदूषकाचा परिणाम दिसला! म्हणून मोजणी अर्धा पृष्ठभाग झाकायच्या आत संपवा.

चौथ्या सेमिस्टरचा सापळा

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांत प्रोजेक्ट जानेवारी ते एप्रिलमध्ये होतो. म्हणजे सुरुवात थंडीत, शेवट भाजणाऱ्या उन्हात. या काळात पाण्याचं तापमान स्वतःच एक ट्रीटमेंट आहे, फक्त तुम्ही ती लिहिलेली नसते.

समजा, कंट्रोलचे टब जानेवारीत लावले आणि सांडपाण्याचे टब, नमुने उशिरा मिळाले म्हणून, फेब्रुवारीअखेर. सांडपाण्यात वाढ जास्त दिसली. ती सांडपाण्यामुळे की उबेमुळे? या आकडेवारीतून ते कुणीच सांगू शकणार नाही, कितीही भारी स्टॅटिस्टिक्स लावा. व्हायवात पहिला प्रश्न हाच येईल.

सगळे टब एकाच दिवशी सुरू केले तर तुलना टिकते. तरी "अझोलाचा वाढदर इतका" असं लिहू नका. "या तारखांना, या तापमानात इतका" असं लिहा.

आणखी चार गोष्टी:

१. एका टबमधली दहा रोपं म्हणजे दहा रेप्लिकेट नव्हेत. तो एकच रेप्लिकेट. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. प्रत्येक ट्रीटमेंटला निदान चार वेगळे टब घ्या आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा.

२. वनस्पती नसलेले टबही ठेवा. नायट्रेट शेवाळ आणि जिवाणूही कमी करतात.

३. एप्रिलमध्ये पाणी उडून जातं, क्षार मात्र टबातच राहतात आणि दाट होतात. रोज खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा.

४. "कधी सोडावं" हाच प्रश्न घ्यायचा असेल तर दर पंधरा दिवसांनी नवी बॅच सुरू करा. प्रत्येक बॅच एकाच साठ्यातल्या, सारख्या वयाच्या रोपांची, सारखीच दिवससंख्या मोजलेली. मग वाढदर तारखेसमोर न मांडता पाण्याच्या तापमानासमोर मांडून बघा. तो आलेख दुसऱ्या गावातल्या माणसालाही उपयोगी पडतो, तुमची तारीख पडत नाही.

कधी सोडू नये

जलपर्णी आणि साल्विनिया बागेच्या तळ्यासाठी घेऊच नका. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. बंगालमध्ये ती इतकी पसरली की १९३६ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुण्याच्या मुळा-मुठेत ती काय करते ते तुम्ही पुलावरून पाहिलं असेल. पिस्टियाही या बाबतीत साधी नाही. डासांकडेही लक्ष हवं. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या पिस्टियाच्या मुळांना चिकटून श्वास घेतात, त्यामुळे वरून पाणी स्वच्छ दिसलं तरी मुळं उचलून बघा. तळ्यात गप्पी मासे ठेवा.

प्रोजेक्ट एप्रिलमध्ये संपतो आणि पुढे सहा-सात आठवड्यांत पाऊस येतो. टब मागच्या नाल्यात रिकामे केले तर पहिल्या पुराबरोबर तुमचा प्रयोग नदीत पोचतो, आणि तिथे त्याला थांबवणारा कंट्रोल नसतो. उरलेली रोपं उन्हात पूर्ण वाळवा, मग कंपोस्टमध्ये घाला. जड धातूंचा प्रयोग असेल तर कंपोस्टही नको. ती प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यातच गेली पाहिजेत. सिनॉप्सिस लिहिताना सुरुवातीच्या तारखेशेजारी ही विल्हेवाटीची तारीखही लिहून टाका.