छापलेले हरवले, लिहिलेले उरले

'ख्रिस्तपुराण' म्हटले की मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या चार-पाच ओव्या हटकून आठवतात. मराठी दिनाच्या भाषणात त्या येतात, टाळ्या घेतात आणि विषय संपतो. मूळ ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा आहे. त्या कशा टिकल्या, ही हकिकत त्या चार ओव्यांहून कितीतरी रंजक आहे, कारण हे पुराण १६१६ साली गोव्यातल्या साष्टीत, रायतूरला छापले गेले, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही.

कर्ता इंग्रज. थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांची गळचेपी होती. तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक काळ साष्टीतच राहिला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने माडाचे कौतुक केले आहे: एकाच झाडापासून तेल, ताडी, गूळ, शिर्का आणि दोरसुद्धा! त्याच पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे तो जाता जाता नोंदवतो. हेच विल्यम जोन्सने कलकत्त्यात जाहीरपणे मांडले ते १७८६ मध्ये, दोनशे वर्षांनी. स्टीफन्सने त्यातून सिद्धांत वगैरे उभारला नाही. त्याला प्रवचन करायचे होते.

आणि प्रवचनाला पुराण हवे होते. ग्रंथाच्या सुरुवातीला तो सांगतो तो प्रसंग फार बोलका आहे. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असताना एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरी का देत नाही? या प्रश्नामागे जप्तीचा मोठा इतिहास आहे. देवळे पाडली गेली होती, पोथ्या काढून घेतल्या जात होत्या. गंमत अशी, की पाद्र्यांनी भाषा शिकण्यासाठी महाभारत-रामायणातल्या कथा रोमन अक्षरांत उतरवून ठेवल्या. ती हस्तलिखिते पोर्तुगालमधल्या ब्रागा इथल्या ग्रंथालयात आजही आहेत. ज्यांनी पोथ्या मोडीत काढल्या, त्यांच्याच वह्यांत त्या कथा तगल्या. स्टीफन्स या व्यवस्थेबाहेरचा नव्हता, हे विसरून त्याच्यावर नुसती फुले उधळणे मला पटत नाही. पण ओवी त्याला वश झाली होती, हेही खरे. जुन्या करारापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्याने 'पैले' आणि 'दुसरे' अशा दोन पुराणांत, वारकरी कीर्तनकाराला ओळखीची वाटेल अशा चालीत गुंफली. तो गोव्यात उतरला त्यानंतर पाचच वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकाच पिढीत, एकाच छंदावर दोन टोकांना काम चालले होते.

हे पुराण देवनागरीत छापावे, अशी त्याची फार इच्छा होती. डिसेंबर १६०८ मध्ये रोमला धाडलेल्या पत्रात त्याने अडचण मांडली: युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतील. जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरल्या तर हिशेब चुकीचा नाही. ते साचे काही झाले नाहीत, म्हणून मराठीतला हा पहिला मोठा छापील ग्रंथ रोमन लिपीत निघाला. ट, ण, ळ यांसाठी दुहेरी अक्षरे, 'श'साठी पोर्तुगीज एक्स. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा डोळा अडखळतो. मोठ्याने वाचायला लागले की चार पानांत ओवीची लय लागते.

छापील पुराणाचे दिवस मात्र पुढे फिरले. १६८३ च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात घुसल्या. पोर्तुगीज सत्तेचे धाबे दणाणले. ती घडी टळली आणि काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, ज्याच्यावर ही वेळ आली होती त्याच व्हाइसरॉयने, कोंद द आल्व्होरने, फर्मान काढले: स्थानिक भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका. पुढे १८२१ पर्यंत गोव्यातली छपाईच थंडावली. जुन्या प्रती कुठे गेल्या, कशा संपल्या, याबद्दल तर्क पुष्कळ करता येतील. मी करत नाही.

पुराण वाचले ते गोवा सोडून गेलेल्यांमुळे. साष्टी-बारदेशातली ख्रिस्ती कुटुंबे सतराव्या-अठराव्या शतकांत दक्षिणेकडे कानडा मुलखात उतरली आणि त्यांच्यामध्ये हे पुराण हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींतून चालत राहिले. १७८४ मध्ये टिपूने त्यांच्यातल्या हजारोंना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर वाचलेले परतले. घरी बोलायची कोकणी, भोवती तुळू आणि कानडी, आणि पोथीतली मराठी रोमन अक्षरांत. एवढ्या भानगडीतून कोणी अकरा हजार ओव्या उगाच उतरवत बसत नाही. पोथी वाचली जात होती, म्हणूनच उतरवली जात होती. याच प्रतींवरून जोसेफ सल्डाना यांनी १९०७ साली मंगळूरहून ग्रंथ छापला. चौथ्यांदा छापायला अडीचशे वर्षे लागली!

त्यानंतरची कलाटणी लंडनची. विल्यम मार्सडेन या विद्वानाचा संग्रह तिथल्या प्राच्यविद्या संस्थेत पडून होता. मराठी संतांची इंग्रजी भाषांतरे करणारे जस्टिन अ‍ॅबट यांना त्यात ख्रिस्तपुराणाची चक्क देवनागरी प्रत सापडली. १९२३ मध्ये त्यांनी जाहीर केले, की मूळ संहिता हीच. दोन पाठांत फरक ठळक आहे. मंगळूरच्या पाठात चर्चचे पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच आहेत. लंडनच्या प्रतीत त्या जागी संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. अ‍ॅबटांचे म्हणणे सर्वांना पटलेले नाही, आणि मलाही ते घाईचे वाटते. पाद्र्यांच्या वरिष्ठांची मंजुरी घेऊन छापायच्या ग्रंथात 'बाप्तिस्मा'सारखे शब्द जपून ठेवले जाणे स्वाभाविक आहे. उलट कोणा व्युत्पन्न लेखकाने देवनागरीत उतरवताना ते शब्द सोवळ्यात घेतले असण्याची शक्यता मोठी. मात्र जुनी मराठी रूपे तपासायला लंडनच्या प्रतीला पर्याय नाही.

आज वाचकाची सोय झाली आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये सल्डानांचा पाठ देवनागरीत आणला. पुढे १९९६ मध्ये वसईचे फादर कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली आणि २००९ मध्ये नेल्सन फाल्काव यांची. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या जुन्या छपाईवर १९५८ साली लिहिलेला इंग्रजी ग्रंथ सोबत असला तर १६०८ च्या त्या पत्रापाशी थेट पोचता येते. सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी भाषास्तुतीचे पान ओलांडून त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाकडे बोट दाखवतो. तो प्रश्न लिहिला पाद्रीने, पण त्यातली तक्रार साष्टीतल्या माणसाची आहे.